वाचकांचे प्रश्न : पीए स्कूलचा अर्ज नेमका अडतो कुठे?

अमेरिकेतल्या फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए, अभ्यासक्रमाबद्दल आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसते : मार्क बरे आहेत, तरी मुलाखतीला बोलावणं नाही. बहुतेक वेळा घोळ तासांच्या नोंदीत, कागदपत्रांत आणि तारखांत असतो. म्हणून या वेळी उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत. 'पीए म्हणजे कंपाउंडर ना?' हा गावाकडचा प्रश्न मात्र आधीच निकालात काढू. नाही. पीए रुग्ण तपासतो, निदान करतो, शस्त्रक्रियेत मदत करतो, आणि पन्नासही राज्यांत औषध लिहून देऊ शकतो. शिक्षण मास्टर्सचं, साधारण २७ महिन्यांचं. पहिलं वर्ष-सव्वा वर्ष वर्गात, उरलेलं रोटेशनमध्ये, म्हणजे दवाखाने-रुग्णालयांतल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणात.

मुलगी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्क्राइब (डॉक्टरच्या नोंदी लिहून घेणारी) म्हणून ९०० तास, हॉस्पिटलात व्हॉलंटियर २०० तास, शॅडोइंग (सोबत राहून काम बघणं) ८० तास. म्हणजे १,००० तासांची अट पूर्ण झाली ना? (एडिसन, न्यू जर्सी)

बहुधा नाही. अट 'पेशंट केअर'च्या तासांची असते आणि तुम्ही तीन वेगळ्या खात्यांतली रक्कम एकत्र मांडली आहे. देशभरचे बहुतेक प्रोग्रॅम अर्ज घेतात तो कास्पा या एकाच ऑनलाइन व्यवस्थेतून. तिथे अनुभवाचे निरनिराळे कप्पे आहेत. रुग्णाच्या उपचाराची थेट जबाबदारी ज्या कामात असते ते पेशंट केअर : नर्सिंग असिस्टंट (सीएनए), ॲम्ब्युलन्सवरचा ईएमटी, पॅरामेडिक, रक्त काढणारा फ्लेबोटॉमिस्ट, नर्स. रुग्ण समोर असतो पण त्याची जबाबदारी आपल्यावर नसते ते हेल्थकेअर : रिसेप्शन, ट्रे पोचवणं, फार्मसीत पुड्या भरणं. कास्पाच्या व्याख्येत स्क्राइबही इथेच बसतो. काही प्रोग्रॅम तो पेशंट केअरमध्ये धरतात, काही अजिबात धरत नाहीत. शॅडोइंगचा कप्पा वेगळा, आणि नुसत्या उभं राहून बघण्याला व्हॉलंटियर काम म्हणत नाहीत. तेव्हा मुलीचे खात्रीचे तास आज शून्य आहेत असं धरून चाला. कडू वाटेल, पण तिसऱ्या वर्षाला कळलेलं बरं.

आता भरून कसे काढायचे? सीएनएचं प्रशिक्षण केंद्रीय नियमाने किमान ७५ तासांचं असतं. राज्यं त्यात भर घालतात, कॅलिफोर्नियात ते १६० तासांचं आहे. ईएमटीचा कोर्स बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत एका सेमिस्टरचा. न्यू जर्सीत स्वयंसेवी ॲम्ब्युलन्स पथकं बरीच आहेत, त्यामुळे तिथे हा रस्ता सोयीचा. हिशेब असा : उन्हाळ्यात आठवड्याला १२ तासांच्या तीन शिफ्ट, १२ आठवडे, झाले ४३२ तास. मग कॉलेज चालू असताना आठवड्याला एक शिफ्ट, ३० आठवडे, ते ३६०. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ४३२. एकूण १,२२४. म्हणजे दोन उन्हाळे आणि मधलं एक वर्ष. पदवीनंतर लगेच प्रवेश हा हट्ट सोडून एक वर्ष मध्ये घेतलं तर २,००० तास मागणारे प्रोग्रॅमही आवाक्यात येतात.

मेडिकल असिस्टंटची नोकरी असेल तर एक खबरदारी. दिवसाचे आठ तास असतात, त्यातले तीन फोन आणि विम्याच्या कागदांत जातात. ते तीन हेल्थकेअरमध्ये, पाच पेशंट केअरमध्ये टाकायचे. तोच तास दोन्हीकडे लावला की तपासणाऱ्याच्या नजरेत लगेच येतो. पुढे होणार असलेले तासही आज धरू नयेत. पहिल्या दिवसापासून एक साधी वही ठेवा : तारीख, तास, हाताने काय केलं, वरिष्ठ कोण. दोन वर्षांनी आठवून लिहिलेलं वर्णन 'रुग्णांची काळजी घेतली' एवढंच उरतं आणि त्यावरून कोणालाही काही कळत नाही. 'एका शिफ्टला दहा रुग्ण, व्हायटल्स, कूस बदलणं, जखमेचं ड्रेसिंग पाहून नर्सला कळवणं' असं लिहिलं की काम दिसतं.

मुलगी एच-४ वर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्या पालकाच्या अवलंबित व्हिसावर, असेल तर २१ व्या वाढदिवसाची तारीख या सगळ्याच्या आधी बघा. त्यानंतर ती अवलंबित राहत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेली की कॅम्पसबाहेरची पगारी नोकरी परवानगीशिवाय करता येत नाही. घरात ग्रीनकार्ड वेळेत येणार नसेल तर तासांचं नियोजन इमिग्रेशन वकिलासमोर बसूनच करा.

मी नाशिकची बीएएमएस आहे. पाच वर्षं स्वतःचा दवाखाना चालवला. आता एच-४ वर आहे. थेट पीएची परीक्षा देता येईल का? नाहीतर माझी पदवी आणि तास धरतील का? (फ्रिस्को, टेक्सास)

थेट परीक्षा नाही. पॅन्से ही परवाना परीक्षा फक्त एआरसी-पीए या संस्थेची मान्यता असलेला अमेरिकी प्रोग्रॅम पूर्ण करणाऱ्यालाच देता येते. एमबीबीएसलाही यात सवलत नाही.

प्रवेशासाठी पदवीचं मूल्यांकन लागेल, तेही प्रत्येक विषयाचे क्रेडिट वेगळे दाखवणारं, 'कोर्स-बाय-कोर्स'. नुसती 'पदवी अमुक दर्जाची' सांगणारा स्वस्तातला अहवाल चालत नाही. त्यात पैसे घालवून पुन्हा दुसरा मागवणारे बरेच असतात. ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रिका) थेट विद्यापीठाकडूनच जावा लागतो. नाशिकला कोणी फेऱ्या मारणारं असेल तर आजच कामाला लावा, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. कास्पा परदेशी विषयांचा जीपीए (ग्रेडची सरासरी) काढत नाही, हेही ध्यानात ठेवा. अमेरिकेतलं एकही क्रेडिट नसेल तर तुमच्या अर्जावर मोजण्यासारखा जीपीएच राहत नाही.

बीएएमएसची खास अडचण आणखी एक आहे. गुणपत्रिकेवर 'रचना शारीर' आणि 'क्रिया शारीर' लिहिलेलं असतं. तुम्हाला आम्हाला ते ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी आहे हे कळतं, प्रवेश कार्यालयाला कळेलच असं नाही. शिवाय बरेच प्रोग्रॅम पूर्वअटींचे विषय अमेरिकी कॉलेजातच, लॅबसह, गेल्या पाच ते दहा वर्षांत केलेले मागतात. म्हणून वाद घालण्यापेक्षा कम्युनिटी कॉलेज गाठा. नेहमीची यादी अशी : ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी १ आणि २ (८ क्रेडिट), मायक्रोबायॉलॉजी (४), जनरल केमिस्ट्री १ आणि २ (८), ऑरगॅनिक किंवा बायोकेमिस्ट्री (३ ते ४), स्टॅटिस्टिक्स (३), सायकॉलॉजी (३). साधारण ३० क्रेडिट. त्यातली लांब साखळी केमिस्ट्रीची आहे. एकाशिवाय दुसरं घेता येत नाही, त्यामुळे बायोकेमिस्ट्रीपर्यंत जायचं तर तीन-चार सेमिस्टर लागतातच. बाकीचे विषय त्यांच्या बाजूने बसवा. केमिस्ट्री 'नंतर बघू' म्हटलं की सरळ एक वर्ष जातं.

दवाखान्याचे तास व्याख्येने पेशंट केअरमध्ये बसतात, कारण उपचार तुम्ही ठरवत होतात. पण अर्जात वरिष्ठाचं नाव लागतं आणि स्वतःच्या दवाखान्यात वरिष्ठ कोण? इंटर्नशिपचं रुग्णालय आणि तिथले विभागप्रमुख अशा वेळी जास्त उपयोगी. काही प्रोग्रॅम फक्त अमेरिकेतले तास धरतात, तर काही एच-४ धारकांना घेतच नाहीत. नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक हवा, असं त्यांच्या पानावर लिहिलेलं असतं. फी भरण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी ईमेल करून लेखी उत्तर मागा आणि जपून ठेवा.

एच-४ वर शिकता येतं, पण पगारी काम करायला ईएडी हे परवानापत्र लागतं. ते पतीचा आय-१४० (ग्रीनकार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल किंवा त्यांचा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढवलेला असेल तरच मिळतं. ते हाती येईपर्यंत विषय पूर्ण करा.

केमिस्ट्रीत डी होता, परत बसून ए मिळवला. कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर डी पुसला गेला आहे, पण कास्पाने तो धरला. ही चूक सुधारून मिळते का? (सॅन होजे)

ती चूक नाही. कॉलेज काय पुसतं याच्याशी कास्पाला देणंघेणं नाही, तिथे प्रत्येक प्रयत्न मोजला जातो. चार क्रेडिटचा डी (१.०) आणि चार क्रेडिटचा ए (४.०) मिळून तुमच्या नावावर आठ क्रेडिट २.५ ने लागतात.

आता वाढवायचा तर किती? समजा १२० क्रेडिटवर ३.२ आहे, म्हणजे ३८४ गुण. चार क्रेडिटचा एक ए मिळवला तर ४०० भागिले १२४, म्हणजे ३.२३. वीस क्रेडिट सगळे ए आणले तरी ४६४ भागिले १४०, ३.३१. एकूण आकडा हलायला जड असतो. सायन्सचा जीपीए वेगळा काढतात. त्यात क्रेडिट कमी असल्याने तो लवकर हलतो, म्हणून नवे विषय घ्यायचे ते सायन्सचेच. काही प्रोग्रॅम शेवटचे ६० क्रेडिट बघतात. तुमचा आलेख वर जाणारा असेल तर आधी तेच शोधा.

पुण्यात बारावीनंतर बीएस्सी फिजिशियन असिस्टंट करून अमेरिकेत पीए होता येईल का? (पुणे)

नाही. नाव सारखं असलं तरी पॅन्सेचा वरचाच नियम लागू होतो. भारतात काम करायचं असेल तर तो स्वतंत्र पेशा आहे आणि २०२१ च्या नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात त्याचा समावेश आहे. अमेरिकेसाठी ती फक्त एक पदवी ठरेल आणि मास्टर्सला पहिल्या दिवसापासून बसावं लागेल.

अर्ज भरायला कधी सुरुवात करावी? शेवटची तारीख १ ऑक्टोबर असेल तर सप्टेंबर चालेल ना? (शिकागो)

सप्टेंबरमध्ये तुम्ही रांगेच्या टोकाला असाल. कास्पाचं नवं वर्ष एप्रिलच्या अखेरीस उघडतं आणि बरेच प्रोग्रॅम आलेले अर्ज येतील तसे वाचून मुलाखतीच्या जागा भरत जातात. जूनमध्ये पाठवा.

तारखेचा अर्थही नीट वाचा, कारण ती तीन प्रकारची असते. कुठे त्या दिवशी अर्ज नुसता पाठवलेला चालतो. कुठे फी, ट्रान्सक्रिप्ट आणि शिफारसपत्रं पोचून तो 'कम्प्लीट' झालेला लागतो. कुठे 'व्हेरिफाइड' लागतो, म्हणजे कास्पाने विषय न् विषय तपासून संपवलेला. या तपासणीला चार आठवडेही लागू शकतात. तुमची १ ऑक्टोबर या तिसऱ्या प्रकारातली असेल तर सप्टेंबरचा अर्ज बादच.

अडकण्याच्या नेहमीच्या जागा : हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजचा एखादा विषय घेतलेला असतो आणि तो ट्रान्सक्रिप्ट कोणी मागवत नाही. प्रत्येक कॉलेजचा लागतो, एक विषय असला तरी. विषयाचं नाव, क्रमांक आणि क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर आहेत तसेच हवेत. लॅब वेगळी छापलेली असेल तर वेगळीच लिहायची. जुळलं नाही की अर्ज परत येतो आणि रांग पुन्हा मागून सुरू. पाठवल्यानंतर नवा अनुभव जोडता येतो, पण लिहिलेला दुरुस्त करता येत नाही.

शिफारसपत्रं बहुतेक ठिकाणी तीन लागतात : एक प्राध्यापक, एक कामावरचा वरिष्ठ, आणि शक्यतो एक पीए. मामा किंवा बाबांचे मित्र डॉक्टर आहेत म्हणून त्यांचं पत्र घेऊ नका, त्याचं वजन पडत नाही. पत्र मागणारा ईमेल व्यवस्थेकडून जातो आणि हमखास स्पॅममध्ये बसतो. आठवड्याने स्वतः फोन करून विचारा.

खर्च : पहिल्या प्रोग्रॅमसाठी १८० डॉलरच्या वर, पुढच्या प्रत्येकासाठी ६० च्या आसपास, शिवाय अनेक जण स्वतःची पुरवणी फी लावतात.

निबंधात काय लिहावं? (अटलांटा)

५,००० अक्षरं मिळतात, मोकळ्या जागा धरून. मराठी घरांतल्या निबंधांत आजोबांचं आजारपण पहिल्या तीन परिच्छेदांत असतं आणि पीए हा शब्द शेवटून दुसऱ्या ओळीत. उलट करा. डॉक्टर किंवा नर्स का नको आणि पीएच का, याचं उत्तर स्वतः पाहिलेल्या कामातून आलं पाहिजे. 'शिक्षण लवकर संपतं' हे कारण खरं असलं तरी एकटं पुरत नाही.

एका नव्या प्रोग्रॅमने जागा देऊ केली आहे. डिपॉझिट भरू का? (डॅलस)

आधी एआरसी-पीएच्या यादीत त्याचा दर्जा बघा. नव्या प्रोग्रॅमला 'प्रोव्हिजनल' (तात्पुरती मान्यता) असणं साहजिक आहे, 'प्रोबेशन' हा मात्र जुन्या प्रोग्रॅमच्या बाबतीतही धोक्याचा इशारा असतो. मग त्यांच्या संकेतस्थळावरची दोन कोष्टकं शोधा, ती जाहीर करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. एक पॅन्सेचं : ३०० प्रश्नांच्या या परीक्षेत किती जण पहिल्या फटक्यात पास झाले. दुसरं गळतीचं : किती जणांनी प्रवेश घेतला, किती मागे पडले, किती सोडून गेले. पहिलं ९८ टक्के दिसतं आणि दुसऱ्यात वर्गातले पाचातला एक गळालेला असतो, असंही होतं, कारण कच्चे विद्यार्थी परीक्षेपर्यंत पोचूच दिलेले नसतात. अगदी पहिली बॅच असेल तर दोन्ही कोष्टकं रिकामी असतील. अशा वेळी रोटेशनच्या जागांचे करार झाले आहेत का आणि त्यासाठी किती लांब राहायला जावं लागेल, हे लेखी विचारा. कर्जाचंही याच वेळी बघा : ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद आहे, आणि नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसणाऱ्यांना एरवीही सरकारी कर्ज सहसा मिळत नाही. खासगी कर्जाला सहसा सह-कर्जदार लागतो. तो कोण, हे ठरल्याशिवाय परत न मिळणारं डिपॉझिट भरू नका.