आंब्याच्या सावलीत नेचे आणि कॅलेडियम आहेत. मधली जमीन झाकण्यासाठी लवकर पसरणारे कोणते रोप लावावे?

आपल्या प्रश्नातल्या ‘लवकर पसरणारे’ या दोन शब्दांपायी मी माझी सावलीतली बाग एकदा घालवून बसलो आहे, म्हणून हे उत्तर.

रत्नागिरीला आमच्या परसात जुन्या आंब्याखाली मी नेचे आणि कॅलेडियमच (कंदातून फुटणारे, रंगीत पानांचे रोप) लावले होते. मधली माती उघडी दिसते, ही थोरल्या भावाची तक्रार. एका पावसाळ्यात त्याने वेडेलियाच्या, म्हणजे जमिनीवर पसरणाऱ्या पिवळ्या फुलांच्या वेलाच्या, कांड्या आणून मला न विचारता खोचल्या. दिवाळीपर्यंत जमीन हिरवीगार झाली आणि दादा ती आल्यागेल्याला कौतुकाने दाखवू लागला. कॅलेडियमची पाने थंडीत वाळतात आणि कंद जमिनीत विसावतात. नेमक्या त्या मोकळ्या झालेल्या जागांवर वेडेलियाने वीतभर जाड थर धरला. पुढच्या जूनमध्ये चाळीसपैकी सहाच कंद फुटले. उपटायला बसलो, तर पेरापेरातून पांढरी मुळे मातीत उतरलेली, आणि एक वेल ओढला की नेच्याचा गड्डाही त्याच्याबरोबर वर येई. तुटून मागे राहिलेले पेर पुन्हा फुटते, त्यामुळे ते काम दोन वर्षे चालले. जगातल्या शंभर उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत वेडेलियाचे नाव आहे, असे मी दादाला सांगितले, तेव्हा त्याने विचारले, ‘‘पण जमीन झाकली की नाही?’’

सोबतीचे झाड वर्षातून काही महिने दिसेनासे होत असेल, तर त्याच्याशेजारी पेरापेराला मुळे धरणारे दांडगे रोप लावूच नये. कॅलेडियमजवळ गवतासारख्या पानांच्या ऑफिओपोगॉनच्या जुड्या वीतभर अंतरावर लावाव्यात. त्या भरायला वर्ष-दीड वर्ष लागते, ते लागू द्यावे. नेच्यांच्या बाजूला जांभळ्या पानांचे हेमिग्राफिस चालते, मात्र दाट सावलीत त्याचा जांभळा रंग फिका पडतो आणि पावसाळ्यात ते कात्रीने आवरावे लागते. ओल टिकत असेल तिथे कारिवणा (मंडूकपर्णी) लावावा. तोही पसरतो, पण हाताने सहज निघतो. आंब्याची अन्न घेणारी मुळे वरच्या थरात असतात, म्हणून खणू नये. पालापाचोळा बाजूला सारून रोपे खोचावीत. तो पाचोळा झाडून नेऊ नये, हेही मी घरी अनेकदा सांगितले आहे.

हा अनुभव कोकणातल्या पावसाचा आहे. पुण्याकडे कारिवण्याला उन्हाळ्यात रोज पाणी द्यावे लागेल. उन्हातल्या उतारावर वेडेलिया माती धरून ठेवतो, हे दादाचे म्हणणेही खरे आहे. आमच्या आंब्याखाली मात्र ना ऊन होते, ना उतार.