पहिल्या शोची वही

पत्र, थोडक्यात: "मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. मुलगा बारावी सायन्सला आहे, दहावीला 86 टक्के होते. शुक्रवारी नवा सिनेमा लागला की त्याला पहिला शो हवा, नाहीतर मित्राकडे जाऊन नवी गेम. घरी आला की जेवायच्या आधी वही घेऊन बसतो आणि कसं वाटलं ते लिहून काढतो. अशा तीन वह्या झाल्या. परवा विचारलं, पुढे काय करणार? म्हणाला, 'हेच.' हे पोटापाण्याचं काम आहे का? की गेम बंद करून वह्या माळ्यावर टाकू? अकरा पानांचे फोटो सोबत पाठवतो आहे. – एक पालक, सांगली"

सप्रेम नमस्कार.

वह्या माळ्यावर टाकू नका. एवढं आधी सांगते, बाकीचं सावकाश.

पानं पाठवलीत हे फार चांगलं केलंत. काही वर्षांपूर्वी तासगावकडचा एक मुलगा याच वेडापायी वडिलांबरोबर माझ्याकडे आला होता. मी त्याचे मार्क विचारले, सीईटीची तयारी विचारली आणि गेम्सचं नाव निघताच "आधी इंजिनिअरिंग, मग ते" म्हणून त्याला वाटेला लावलं. तो काय बघतो, त्याबद्दल काय लिहितो, हे विचारलंच नाही. ते माझं चुकलं आणि अजून टोचतं. म्हणून तुमच्या चिरंजीवांची पानं मी दोनदा वाचली, एकदा रात्री आणि एकदा सकाळी उठल्यावर.

त्यातल्या दोन पानांबद्दल बोलते. एक 'दशावतार'चं, म्हणजे कोकणातल्या एका म्हाताऱ्या दशावतारी नटाच्या सिनेमाचं. 12 सप्टेंबर 2025 ला सिनेमा लागला, त्याच रात्रीची नोंद आहे: "जबरदस्त. अंगावर काटा. दिलीप प्रभावळकर म्हणजे बाप माणूस. पाचपैकी पाच." एवढं तर थिएटरातून बाहेर पडणारा प्रत्येक जण चहाच्या गाड्यावर बोलतो. पण त्याच पानाच्या समासात, वेगळ्या शाईत, नऊ दिवसांनी लिहिलंय: "आईबरोबर परत बघितला. पहिल्यांदा नुसती सोंगं बघत होतो. आज म्हाताऱ्याची नजर जातेय हे डोक्यात ठेवून बघितलं. आता हा पडतो की काय, अशी भीती सगळा वेळ पोटात होती. पहिल्या दिवशीचा काटा त्या भीतीचा होता, तेव्हा कळलं नाही."

दुसरं पान एका गेमचं आहे, 'एक्सपेडिशन 33'चं. तुमच्यासाठी दोन शब्दांत सांगते. फ्रान्समधल्या मोंपेलिए गावच्या सँडफॉल नावाच्या छोट्या स्टुडिओने ती एप्रिल 2025 मध्ये आणली आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये तीच सर्वोत्कृष्ट ठरली. कथा अशी की दर वर्षी एक आकडा रंगवला जातो आणि त्या वयाची माणसं धुरासारखी नाहीशी होतात. चिरंजीव लिहितात: "सुरुवातीला लढाई जवळजवळ नाहीच. जिच्याबरोबर शहरातून चालतोय ती आज जाणार, हे दोघांनाही माहीत आहे. मी मुद्दाम हळू चाललो. गेममध्ये मी कधीच हळू चालत नाही."

शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले. सतरा वर्षांच्या मुलाने गेमबरोबर स्वतःकडेही बघितलं. गेम बनवणाऱ्यांना खेळणाऱ्याकडून नेमकं हेच हवं असतं: तू काय केलंस, नेहमीपेक्षा वेगळं काय केलंस आणि कुठे. "ग्राफिक्स भारी" याचा त्यांना काही उपयोग नाही.

तुम्ही हळदीत आयुष्य काढलंय, त्यामुळे ही गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. पोत्यातलं एक हळकुंड उचलून तुम्ही मोडता. आतला रंग, मोडल्याचा आवाज, वास. क्षणात मनात भाव ठरतो. पण खरेदीदार समोर उभा असताना "माल चांगला वाटतो" म्हणून भागत नाही. रंग आहे, पण नीट वाळलेली नाही, ओल आहे, असं सांगावं लागतं. ते सांगता येतं म्हणून पेढी तुम्हाला सांभाळून आहे. तुमचा मुलगा तेच शिकतोय, फक्त त्याच्या पोत्यात सिनेमे आणि गेम्स आहेत. 'दशावतार'ची पहिली नोंद म्हणजे नुसतं मोडलेलं हळकुंड. समासातली नोंद म्हणजे भाव का, ते सांगणं.

आणि आपल्या गावाला हे नवीन नाही. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे नाट्यखेळ पाहून सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांनी ते आवडले एवढंच म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. त्यांना त्यात काय कच्चं वाटलं, मराठीत काय व्हायला हवं, हे त्यांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं. त्यातून 1843 साली सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. दर 5 नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो, त्याच्या मुळाशी एका प्रेक्षकाचं नीट सांगितलेलं मत आहे.

आता पोटापाण्याचं. यात मी तुम्हाला अंधारात ठेवणार नाही.

'सिनेमा बघायचा, गेम खेळायची, मत लिहायचं आणि त्यावर घर चालवायचं' अशी नोकरी मराठीत जवळपास नाही. वर्तमानपत्रात परीक्षण लिहिणारा माणूस बहुतेकदा दुसरी पानंही सांभाळतो. बाहेरून लिहिणाऱ्याला जे मानधन मिळतं त्यावर महिना निघत नाही. गेम्सवर मराठीत सातत्याने आणि जाणतेपणाने लिहिणारे तर फारच थोडे. ती जागा रिकामी आहे, पण तिथे आज पैसा नाही. व्हिडिओ चॅनल काढून चालतं काहींचं, पण तो पाऊस आहे, विहीर नाही. हे मुलालाही असंच स्पष्ट सांगा. त्याची वही वाचल्यावर मला वाटतं, तो खरं ऐकून घेईल.

मात्र ज्या कामांना ही नजर लागते, आणि ज्यांचा पगार होतो, अशी कामं आहेत. सांगलीत नाहीत, चार-पाच तासांवर पुण्यात आहेत.

गेम टेस्टिंग हे त्यातलं पहिलं दार. पुण्यात युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ 2008 पासून आहे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने आपल्या पुराणकथांवरची 'राजी' 2020 मध्ये आणली, ती परदेशातही खेळली गेली. टेस्टिंग म्हणजे दिवसभर मजेत खेळणं नव्हे, हे त्याला आधीच कळू दे. एकच दार पन्नास वेळा उघडायचं, एकाच भिंतीला पन्नास ठिकाणी धडकायचं आणि मग लिहायचं: कोणत्या मशीनवर, कोणत्या पायऱ्यांनी, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दर वेळी होतं की अधूनमधून. ही नोंद इतकी नेमकी लागते की दुसऱ्या गावातल्या प्रोग्रामरला तीच चूक जशीच्या तशी पुन्हा घडवून बघता आली पाहिजे. पगार सुरुवातीला बेताचा असतो आणि पुष्कळदा काम कंत्राटी असतं.

त्याच्या पुढची पायरी मला या मुलासाठी जास्त जवळची वाटते. गेम बाजारात येण्याआधी अनोळखी माणसांना खेळायला बसवतात आणि मागे उभं राहून बघतात. कुठे अडखळला, कुठे कंटाळला, कुठे पुढे सरसावून बसला. पहिल्या तासाला या धंद्यात केवढी किंमत आहे, त्याचं एक उदाहरण देते. स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानातून गेम घेतली आणि दोन तासांच्या आत खेळून आवडली नाही, तर 14 दिवसांत पैसे परत मागता येतात. म्हणजे गिऱ्हाईक हळकुंड मोडून बघतं आणि पोतं परत करतं. त्या दोन तासांत माणसाला काय वाटतं, हे समजून सांगणाऱ्याला काम आहे. या कामाला मानसशास्त्र लागतं, थोडी आकडेवारी लागते आणि उत्तम लिहिता यावं लागतं.

सिनेमाच्या बाजूलाही अशी कामं आहेत. निर्मिती संस्थांकडे येणाऱ्या पटकथा वाचून त्यांवर टिपण देणं, उपशीर्षकं लिहिणं, महोत्सवांसाठी सिनेमे निवडायला मदत करणं. उपशीर्षकांबद्दल आवर्जून सांगते, कारण त्याची मराठी चांगली आहे. पात्राचं लांबलचक बोलणं दोन छोट्या ओळींत, वाचून होईल एवढ्याच वेळात बसवायचं, हे कसब आहे आणि ते घरी बसून शिकता येतं.

शिक्षणाचं म्हणाल तर बारावी सायन्स सोडू नये. गणित असेल तर सीईटी द्यावीच, त्यातून कॉम्प्युटरची वाट उघडी राहते. त्याबरोबर यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा द्यावी. ती आयआयटी मुंबई घेते, बारावीच्या कुठल्याही शाखेला चालते. परीक्षा जानेवारीत असते आणि अर्ज त्याच्या काही महिने आधी भरावा लागतो, त्यामुळे तारखा आत्तापासून बघून ठेवा. राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा वेगळी असते. त्याच संस्थेच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण आहे, पण ते पदवीनंतरचं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या दिग्दर्शन-संकलनासारख्या मोठ्या अभ्यासक्रमांनाही आधी पदवी लागते. डिझाइन आणि इंजिनिअरिंग दोन्ही जमलं नाही, तर इथेच विलिंग्डनसारख्या कॉलेजात मानसशास्त्र किंवा साहित्य घेऊन बीए करणं मी कमी समजत नाही. मी अशी मुलं पुढे गेलेली पाहिली आहेत.

एका बाबतीत मात्र सावध. "सहा महिन्यांत गेम डिझायनर, नोकरीची हमी" असे फलक आपल्याकडे जागोजागी दिसतात. फी भरण्याआधी तिथून शिकून गेलेल्या दोन मुलांशी स्वतः बोला. आणि कर्ज काढून तर अजिबात नको.

गेम बंद कराव्यात का? नाही. झोप मात्र सोडू नये, बारावीच्या वर्षात तर नाहीच. शुक्रवारच्या पहिल्या शोऐवजी रविवारचा शो त्याने धरावा, सिनेमा तोच असतो. एक गोष्ट तुम्ही जरूर तपासा: पैसे लावून खेळायचं काही त्याच्या फोनमध्ये नाही ना. अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला. असले खेळ म्हणजे जुगार, त्यांचा या वहीशी संबंध नाही, आणि दोन्हीला 'गेम'च म्हणतात म्हणून घरोघर गोंधळ होतो. तुमच्या पत्रातही मला तो थोडा दिसला.

आता थोडं तुमच्यासाठी. अमेरिकेत रॉजर ईबर्ट नावाचे समीक्षक होऊन गेले. 1975 मध्ये सिनेपरीक्षणासाठी पुलित्झर हा पत्रकारितेतला मोठा पुरस्कार मिळवणारे ते पहिले. व्हिडिओ गेम ही कला होऊच शकत नाही, असं त्यांनी लिहिलं आणि त्यावरून मोठा वाद पेटला. 2010 मध्ये त्यांनी जाहीरपणे मान्य केलं की न खेळलेल्या गोष्टीबद्दल आपण बोलायला नको होतं. न पाहिलेल्या सिनेमावर आपण कधी मत दिलं नसतं, असंही ते म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाला हे म्हणताना कमीपणा वाटला नाही. तुम्हीही एका रविवारी अर्धा तास मुलाच्या शेजारी बसा. कंट्रोलर हातात घ्या, बोटं अडखळू द्या. मग "कसं वाटलं?" असं त्याने तुम्हाला विचारू दे, आणि तुम्ही हळदीसारखं उत्तर द्या.

त्याच्यासाठी एक काम देते. सिनेमा किंवा गेम संपल्यावर दहा मिनिटांत लिहायचं, हे तो करतोच. त्याखाली आणखी एक ओळ लिहावी: कोणत्या क्षणी, अंगाला काय झालं. हात घट्ट झाले, फोनकडे गेले, जांभई आली, श्वास रोखला. आठ दिवसांनी आधीची नोंद न वाचता पुन्हा लिहायचं आणि मग दोन्ही शेजारी ठेवायच्या. मत बदललं तर जुनं खोडायचं नाही. लाज वाटली तरी नाही. अशा वीस जोड्या झाल्या की त्यातल्या चांगल्या सहा स्वच्छ टाइप करून ठेवाव्यात. पुढे स्टुडिओत किंवा डिझाइन कॉलेजच्या मुलाखतीत मार्कलिस्टबरोबर त्याच पुढे ठेवायच्या आहेत.

येत्या महिन्यात कुठल्याही रविवारी सकाळी त्याला विश्रामबागला माझ्याकडे पाठवा. तुम्ही सोडायला आलात तर चहा घेऊन जा, पण बोलणं माझं आणि त्याचं होईल. तिन्ही वह्या आणायला सांगा. तुम्ही पाठवलेल्या एका फोटोत दुसऱ्या वहीच्या शिवणीपाशी दोन पानं फाडलेली दिसतात. तिथे कोणता सिनेमा होता आणि ती पानं का गेली, ते मला त्याच्याकडूनच ऐकायचं आहे.