घरची कोंबडी लंगडते, तळव्याला सूज आहे आणि मधोमध काळा खपला. घरीच चिरून पू काढू का?

चिरू नका. दाढीच्या ब्लेडनं तर अजिबात नाही. माणसाच्या गळवातला पू पातळ असतो, वाट मिळाली की वाहून जातो. कोंबडीचा पू पनीरासारखा घट्ट होऊन आत बसतो. वरून दाबलं तर आणखी खोल सरकतो, आणि तळव्याला मांस असतं किती? त्याच्याखाली लगेच शिरा आणि हाड. एकदा हाडाला लागलं की डॉक्टरांच्याही हातात फार राहत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे बंबलफूट वाटतं. तळवा कुठंतरी सोलवटतो, तिथून जंतू आत जातात (बहुतेकदा स्टॅफिलोकोकस), वर खपला धरतो आणि आत गाठ वाढत राहते.

हे तुम्हाला कुणीही सांगितलं असतं. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "घरचे म्हणतात एवढा व्याप कशाला, रस्सा करू." ते वाचलं आणि लिहायला बसले.

आमचं गाव आजरा तालुक्यात. सासूबाईंच्या काळात कोंबड्या दिवसा मोकळ्या आणि रात्री डालग्याखाली. मग आम्ही गिरिराजची पिल्लं घेतली, तेव्हा थोरल्या भाऊजींनी हौसेनं पक्कं खुराडं बांधलं. खाली सिमेंटचा कोबा, वर पत्रा, आणि बसायला दांडी म्हणून नळाचा उरलेला लोखंडी पाइप. तोही माझ्या खांद्याच्या उंचीला. मी तेव्हाच म्हटलं होतं, गावठी कोंबडी हलकी असते, आढ्यावरूनसुद्धा अलगद उतरते. गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं काढलेली जात, अंगानं जड. तिला उंच चढायची हौस तेवढीच, पण उतरताना धप्पकन आदळते. दांडी खाली घ्या, कोब्यावर तूस टाका. भाऊजी म्हणाले, "कोंबड्यांना गादी घालायची काय आता?" पंगत हसली. विषय संपला.

आजऱ्याचा पाऊस तुम्हाला माहीत असेल तर पुढचं सांगायला नको. कोबा सतत ओला, त्यावर विष्ठेचा राडा, त्यात तळवे भिजून मऊ पडलेले आणि रोज सकाळी खांद्याएवढ्या उंचीवरून उडी. आमची कबरी कोंबडी लंगडायला लागली ती आषाढाच्या तोंडावर. मुहूर्त बघा! आखाडात आमच्याकडं चुलीवर काय शिजतं ते कोल्हापूरकडच्या माणसाला विचारा. भाऊजींनी पाय उचलूनसुद्धा बघितला नाही. "आखाड तोंडावर आलाय आणि ही लंगडायला लागली, मग अडलंय कुठं?"

अडलं होतं ते इथं: आमच्या घरात दुधाचे पैसे पुरुषांच्या हातात जातात आणि अंड्यांचे बायकांच्या. कबरी भरात होती, एक दिवस आड का होईना अंडं देत होती. तिचं काय करायचं हे भाऊजींनी का ठरवावं? मी तिला पिशवीत घातली आणि एसटीनं तालुक्याच्या दवाखान्यात नेली. "कोंबडीला दवाखाना! उद्या चष्मा पण घालशील तिला," हे निघताना ऐकलं.

त्याआधी त्यांनी एक दयाही दाखवली होती. स्वतःच्या गुडघ्यासाठी आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी काढली, म्हणाले अर्धी चार, दुखायचं थांबेल. ती मी चुलीत टाकली. हे औषध जनावरांना द्यायला 2006 पासून आपल्या देशात बंदी आहे. ते दिलेली जनावरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडं मेली, म्हणून. कोंबडीच्या मूत्रपिंडांनाही ते मानवत नाही. तेव्हा घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कोंबडीला घालू नका, कुणी कितीही प्रेमानं दिल्या तरी. चांगली गोळी चुलीत घातली म्हणून भाऊजी अजून पाहुण्यांना सांगतात.

डॉक्टरांनी पाय भिजवून खपला सैल केला, आतली गाठ काढली, इंजेक्शन दिलं. वर बजावलं की औषध चालू असताना आणि नंतरही ते सांगतील तेवढे दिवस अंडी खायची नाहीत, मांसही नाही. हे मी घरी आल्यावर जरा मोठ्यानंच सांगितलं. आखाड त्यातच गेला.

पुढचं काम घरचंच. कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट घालून (मेडिकलमध्ये एप्सम सॉल्ट म्हणूनही मिळतं) दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवून धरायचा. कोंबडीचं अंग आणि डोळे टॉवेलात झाकले की ती गप्प बसते. पाय पूर्ण कोरडा करून बीटाडीन, त्यावर गॉज, आणि बोटांच्या मधून पट्टी. पट्टी आवळू नका, बोटं गार किंवा सुजलेली वाटली तर लगेच सोडा. रोज बदलायची. सासूबाईंनी हळद-तेल लावायला सांगितलं होतं. मी लावलं नाही आणि लावलं म्हणून सांगितलं. त्या लेपाखाली घाण अडकते आणि जखम दिसत नाही. कोंबडी वेगळी ठेवा, नाहीतर बाकीच्या कोंबड्या तिच्या जखमेवर चोचा मारतात. पण डालगं त्यांच्या नजरेसमोरच ठेवा, पार लांब नेली तर परत सोडल्यावर मारामारी ठरलेली. गाठ अजून लहान असेल तर नुसतं भिजवणं, बीटाडीन आणि कोरडी जागा एवढ्यावरही भागतं.

पण तिला परत त्याच खुराड्यात सोडणार असाल तर हे सगळं करू नका, रस्साच करा. भाऊजींचं म्हणणं अजून असं की करवंदीचा काटा लागला होता. काटा लागला, तर दुसऱ्या तळव्यालाही खपला का धरत होता? आणि आणखी दोन तलंगांना (तरुण कोंबड्यांना) तेच कसं झालं? मी पाइप काढून दोन इंच रुंदीची लाकडी चपटी पट्टी बसवली, कडा घासून, गुडघ्याच्याही खाली. कोब्यावर गिरणीतलं भाताचं तूस, ओलं झालं की बदलायचं. त्यानंतर तसा पाय झालेला नाही. हे त्यांच्यासमोर कितीदा बोलून झालंय, म्हणून इथं लिहिते.

हे सगळं खपला असेल तरच. जखम नसताना एक पाय पुढं आणि एक मागं ताणून बसत असेल तर मॅरेक्स हा विषाणूचा रोग असू शकतो. मान वाकडी होत असेल, बाकीच्याही आजारी दिसत असतील तर राणीखेत या साथीच्या रोगाची शंका घ्या आणि थेट डॉक्टरांना कळवा. पायाचे खवले उचकटल्यासारखे दिसत असतील तर ती बारीक किडीची खरूज. बोटाला केस किंवा नायलॉनचा दोरा गुंडाळलाय का तेही बघा, तो नीट निरखल्याशिवाय दिसत नाही. हातमोजे घाला, हे जंतू माणसालाही लागतात. दवाखाना लांब असेल तर 1962 वर फोन करून विचारा, फिरत्या पथकाचा नंबर आहे तो.

तळव्याचा फोटो टाका. खुराड्याचाही टाका, आणि दांडी कुणी बसवली तेही लिहा.