सफरचंदाची लहान झाडं वाढत नाहीत, छाटणी करू का?

तुम्ही लिहिलंय की सिन्नरजवळ दोन वर्षांपूर्वी लावलेली हरिमन-९९ या सफरचंदाच्या जातीची झाडं अजून कमरेएवढीच आहेत, फांद्या बारीक, त्यातही चार-पाच फळं धरलीत, आणि शेजारचे द्राक्षवाले म्हणतात, "खरडून काढा, जोरात फुटतील."

खरडू नका, म्हणजे सगळ्या फांद्या बुडाशी छाटू नका. कात्री लावायचीच तर आधी त्या फळांना लावा.

द्राक्षाचं गणित इथे चालत नाही. द्राक्ष नव्या फुटीवर येतं, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी सोसते. सफरचंद मुख्यतः दोन किंवा जास्त वर्षांच्या लाकडावरच्या आखूड फुटींवर धरतं. अशक्त झाड खरडलं की दोन-तीन लांब शेंडे उसळतात, बघणारा खूश होतो. पण कापलेल्या लाकडाबरोबर त्यातला अन्नसाठाही गेलेला असतो, पानं कमी होतात, मुळं मागे पडतात. एकूण झाड लहानच राहतं.

थंडीलाही लगेच दोष देऊ नका. रॉयल डेलिशियस या जातीला ७ अंशांखाली हजारभर तास थंडी लागते, हिमाचलच्या बिलासपूरचे हरिमन शर्मा यांनी काढलेली हरिमन-९९ त्यापेक्षा खूप कमी थंडीत येते. थंडी कमी पडली तर डोळे (फांदीवरचे कोंब) उशिरा, विरळ फुटतात. पण पावसाळ्यातही झाड हललं नसेल तर कारण बहुधा मातीत असतं.

खोड धरून हलवून बघा. डुगडुगत असेल तर मुळांनी पकड घेतलेली नाही. बुंध्याची माती बोटांनी उकरा. कलमाचा जोड जमिनीच्या वर, चांगला वीतभर दिसायला हवा. तो गाडला गेला असेल तर माती मागे ओढा. पिशवीतलं रोप तसंच लावलेलं असेल तर मुळी पिशवीच्या आकारात गोल फिरलेली सापडते. ती विश्रांतीच्या काळात कापून मोकळी करावी लागते. ठिबकची नळी बुंध्याला चिकटलेली नको. काळ्या जमिनीत पाणी साचतं का बघा, आणि मीटरभर घेरात हराळी ठेवू नका. एवढ्यानेच बरीच झाडं मार्गी लागतात.

फळं गोटीएवढी असतानाच काढा. कमी थंडीच्या जाती गुडघ्याएवढ्या झाडालाही फळ धरतात आणि वाढ तिथेच अडते. व्हॉट्सॲपवर फोटो टाकायला एक ठेवा हवं तर.

छाटणी डिसेंबरअखेर ते जानेवारीत. आपल्याकडे पानं आपणहून नीट गळत नाहीत, हाताने उतरवावी लागतात. जोडाखालचे फुटवे, वाळलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढा. मधल्या शेंड्याचा वरचा तिसरा हिस्सा, ठसठशीत डोळ्याच्या किंचित वर, तिरपा कापा. बाजूच्या फांद्यांत नियम उलटा वाटेल: बारीक काडी जास्त कापायची, दोन-तीन डोळ्यांवर, जोमदार जवळपास तशीच ठेवायची. मुळं सुधारलेली नसतील तर हेही पुढच्या वर्षावर ढकला.

नर्सरीला खुंट, म्हणजे कलमाच्या खालचा मुळांचा भाग, कोणता ते विचारा. एम-९ हा बुटका खुंट असेल तर झाड ठेंगणंच राहणार, त्याला कायमचा आधार द्या. आणि छाटल्यावर उघडं पडलेलं खोड उन्हाळ्यात भाजतं, म्हणून मार्चच्या आत चुना लावून घ्या.