वाचकांचे प्रश्न: कार्यशाळा चालवणाऱ्याने गप्प कधी बसायचे?

प्रश्न : मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात संशोधक आहे. विद्यार्थ्यांना संशोधनात मार्गदर्शन करताना वंश, वर्ग, भाषा यांचे भान कसे ठेवावे, यावरची कार्यशाळा प्राध्यापकांसाठी मी चालवावी असे ठरले आहे. मी स्वतः ती एकदाच, सहभागी म्हणून केली आहे. हाती तीन आठवडे आहेत. तयारी कशी करू?

उत्तर : पहिली अट, एकट्याने चालवू नका. एकाने चर्चा पुढे न्यायची, दुसऱ्याने घड्याळ आणि चेहरे बघायचे. बारा ते सोळा जण पुरेत, चौघांचे गट करा. विभागप्रमुख आणि त्यांच्या हाताखालचे नवे प्राध्यापक एका टेबलावर नकोत. तिथे खरे कोणी बोलत नाही.

या धर्तीचा मूळ अभ्यासक्रम विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातून २००५ मध्ये आला. पुढे १६ संस्थांत, मार्गदर्शक आणि त्यांच्या हाताखालचे संशोधक अशा २८३ जोड्यांवर त्याची रीतसर चाचणी झाली (२०१४) आणि मार्गदर्शकांची कौशल्ये वाढल्याचे दिसले. पण तिथे मोजलेल्या सहा कौशल्यांत विविधता हे फक्त एक होते. तुम्हाला सगळा वेळ त्याच एका नाजूक विषयात काढायचा आहे, म्हणून तालीम जास्त हवी.

पहिल्या आठवड्यात सगळे उपक्रम स्वतः लेखी सोडवा. दुसऱ्यात चार सहकाऱ्यांसमोर पंधरा मिनिटांचा तुकडा चालवून बघा. एकाला मुद्दाम गप्प बसायला सांगा, एकाला सारखे बोलायला, एकाला हरकत घ्यायला. नंतर तुम्ही स्वतः किती बोललात ते मोजा. पाव वेळाहून जास्त झाले तर ते व्याख्यान झाले. तिसरा आठवडा सुधारून पुन्हा करण्यासाठी.

चर्चेसाठी वाचायला द्यायचा प्रसंग एक पानाचा असावा. उदाहरणार्थ, घरात पहिल्यांदाच विद्यापीठात आलेली विद्यार्थिनी प्रयोगशाळेच्या बैठकीत बोलत नाही आणि मार्गदर्शक म्हणतात, ‘तिला रस नाही.’ वाचायला ३ मिनिटे, जोडीत ५, टेबलावर १०, सगळ्यांत १२. सुरुवातीलाच ‘त्यांनी काय करायला हवे होते?’ असे विचारू नका. प्राध्यापक मंडळी लगेच सल्ला देतात आणि चर्चा दोन मिनिटांत आटोपते. ‘त्यांनी काय पाहिले आणि काय गृहीत धरले?’ हे आधी विचारा आणि मग मनात दहापर्यंत मोजा. ही शांतता नवख्याला सहन होत नाही आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे खोलीतल्या एकमेव कृष्णवर्णीय किंवा मूलनिवासी प्राध्यापकाकडे वळून ‘तुमचा अनुभव काय?’ म्हणणे. कोणालाही समाजाचा प्रवक्ता करू नका. ‘अमुक समाजाची मुले अशी असतात’ अशी यादी वाटणे हा त्याच चुकीचा दुसरा अवतार.

‘मी रंग बघतच नाही, काम बघतो,’ हे वाक्य हमखास येईल. वाद घालू नका. ‘तुमच्या विद्यार्थ्यालाही तसेच वाटते का, हे कसे कळेल?’ इतकेच विचारा. कोणाचे बोलणे दुसऱ्याला लागले, तर ते चहाच्या सुट्टीवर ढकलू नका. कार्यशाळा चालवणाऱ्या तुमच्या जोडीदाराने तिथेच थांबवावे आणि माणसावर नाही, शब्दांवर बोलावे.

त्याच दिवशी भरून घेतलेला ‘छान झाली’ असा अभिप्राय कुचकामी. तीन महिन्यांनी विचारा, एक गोष्ट कोणती बदलली? शक्य असेल तर विद्यार्थ्यांनाही विचारा, पण नावे न घेता.

प्रश्न : पुण्यात पीएचडी गाईडसाठी हीच कार्यशाळा भाषांतर करून घेता येईल का?

उत्तर : वेळापत्रक घ्या, प्रसंग नको. इथे आडनाव विचारले जाते, प्रवेश ‘कोट्यातून’ मिळाल्याचे टोमणे असतात, आणि मराठी माध्यमातून आलेल्याचे प्रबंधाचे प्रकरण ‘इंग्रजी सुधारा’ एवढ्याच शेऱ्यावर तीनदा परत येते. असे चार-पाच प्रसंग स्थानिक विद्यार्थ्यांशी बोलून, ओळख पुसून लिहा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. म्हणजे विद्यार्थ्याला दुसरा गाईड सहजी मिळत नाही आणि गाईडच्या सहीची गरज कायम असते. म्हणून पहिल्या सत्रात गाईड आणि त्यांचे विद्यार्थी एकत्र बसवू नका.