लेकाचा जर्मनीतला संसार आणि तुमची चार लाखांची एफडी

ताई, सादर नमस्कार.

तुमचं पत्र सविस्तर आहे, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही अमळनेरच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, पेन्शन चालू आहे. मुलगा संक्रांतीनंतर नोकरीसाठी स्टुटगार्टला निघतोय, सूनबाई दोन महिन्यांनी जाणार. फ्रीज, वॉशिंग मशीन, घरघंटी, आरओ, मायक्रोवेव्ह, मिक्सर, कुकर अशी यादी घेऊन तुम्ही जळगावच्या दुकानात जाऊन आलात. तिथं सव्वा लाखाचा आकडा निघाला आणि जहाजानं पाठवायला एजंटनं दीड लाख सांगितले. आता त्यासाठी चार लाखांची एफडी मोडायची का, हा प्रश्न. ती दोन वर्षांची आहे, व्याज 7.1 टक्के, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास पुरी होते.

माझं मत सरळ सांगतो. एफडी मोडू नका. यादीतले मिक्सर आणि कुकर सोडून इथून काहीही घेऊ नका. मुलाला हातभार जरूर लावा, पण तो वस्तूंचा नको, रकमेचा असू द्या.

आधी एजंटनं न सांगितलेला खर्च बघू. राहण्यासाठी कायमचं जर्मनीत जाणाऱ्या माणसाला घरगुती सामान करमुक्त नेता येतं, पण ते सामान जाण्याआधी किमान सहा महिने वापरलेलं असावं लागतं. तुम्ही खोक्यात बंद, नवीकोरी बिलं असलेली यंत्रं पाठवणार. त्यांना ही सवलत नाही. त्यांच्यावर जर्मनीचा 19 टक्के आयात व्हॅट लागेल, आणि तो वस्तूंच्या किमतीत वाहतूक मिळवून काढतात. सव्वा लाख अधिक दीड लाख म्हणजे पावणेतीन लाख. त्यावर 19 टक्के, म्हणजे 52 हजारांच्या वर. कस्टम ड्युटी लागली तर ती वेगळी. सगळं धरून सव्वातीन लाखांच्या पुढे जातं, आणि सामान समुद्रमार्गे पोचेपर्यंत काही महिने निघून जातात. तोवर मुलगा काय उघड्यावर दूध ठेवणार?

तिथं साधा चांगला फ्रीज आणि फ्रंट लोड वॉशिंग मशीन प्रत्येकी 400 ते 500 युरोत मिळतं. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरा. दोन्ही मिळून लाखभरात काम होतं, दुकानदार घरपोच देतो, आणि युरोपच्या कायद्यानं नव्या वस्तूवर विक्रेत्याची दोन वर्षांची जबाबदारी असते. जळगावहून नेलेला फ्रीज तिथं बिघडला तर इथल्या वॉरंटी कार्डाचा तिथं उपयोग नाही. तिथं वीज साधारण 35 ते 40 सेंट युनिट, म्हणजे आपल्या 35-40 रुपयांना पडते. त्यामुळे फ्रीज घेताना किंमतीआधी त्यावरचं ए ते जी असं ऊर्जेचं लेबल बघायला सांगा. वर्षाला शंभर युनिट कमी खाणारा फ्रीज दरसाल साडेतीन-चार हजार वाचवतो.

पण फ्रीजसुद्धा आत्ता ठरवू नका, तिथंही नाही. जर्मनीत भाड्याचं घर बऱ्याचदा स्वयंपाकघराविना मिळतं. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, नुसत्या भिंतीतून नळाची तोटी आणि विजेच्या वायरी डोकावत असतात. काही घरांत मात्र सगळं बसवलेलं असतं, फ्रीज आणि ओव्हनसकट. कधी आधीचा भाडेकरू आपलं किचन विकून जातो. वॉशिंग मशीन काही इमारतींत तळघरात सामाईक असतं, काही ठिकाणी स्वतःचं ठेवायला तळघरातच जागा आणि नळ असतो. घर हाती येण्याआधी घेतलेली कुठलीही मोठी वस्तू म्हणजे अंदाजानं शिवलेला सदरा.

घरघंटीचं तुम्ही फार मनापासून लिहिलंय. कळण्याच्या भाकरीला ज्वारी-उडीद घरचं दळलेलं हवं, हे मलाही पटतं. पण ती घंटी चाळीसेक किलोची, आवाज मोठा, आणि जर्मनीत रात्री दहानंतर आणि रविवारी शांतता पाळावी लागते, शेजारी तक्रार करतात. मोठ्या शहरांतल्या भारतीय किराणा दुकानांत ज्वारीचं पीठ मिळतं. उडदाचं पीठ मिक्सरच्या सुक्या भांड्यात होतं आणि चाळून घेतलं की भाकरीला चालतं. आरओ तर पूर्णच काढून टाका, तिथलं नळाचं पाणी थेट पिण्याजोगं असतं.

आता जे न्यायचं ते. मिक्सर इथूनच घ्या, कारण आपल्या काळ्या मसाल्याचं भाजलेलं सुकं खोबरं आणि मिरच्या दळायला आपलाच मिक्सर लागतो. जर्मनीची वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट, 50 हर्ट्‌झ आहे, म्हणून मशीन जसंच्या तसं चालतं. फक्त आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, तेव्हा अर्थिंग असलेला अ‍ॅडॉप्टर घ्या, बिनअर्थिंगचा स्वस्त नको. सोबत जादा कपलर आणि भांड्यांचे रबर ठेवा, ते तिथं शोधत बसावं लागतं. (ज्यांची मुलं अमेरिका-कॅनडात आहेत त्यांनी हे वाचून मिक्सर बांधू नये. तिथं 120 व्होल्ट आहे, मोटर ओढणार नाही. वजनदार ट्रान्सफॉर्मर विकत घेण्यापेक्षा तिथल्या व्होल्टेजचा भारतीय मिक्सर तिथंच घ्यावा.)

कुकर स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा घ्या. तिथं काचेच्या सपाट शेगड्या असतात, त्यातल्या बऱ्याच इंडक्शन, आणि त्यावर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. तुमच्या घरचा खोलगट लोखंडी तवाही काचेवर टेकणार नाही, मधोमध बोटभर जागा तापेल आणि भाकरी कडेला कच्ची राहील. सपाट बुडाचा बिडाचा तवा द्या. वांगी ओव्हनच्या ग्रिलखाली भाजता येतात, आणि बट्ट्या तर ओव्हनमध्ये छानच होतात.

आता पैशांकडे येऊ. मुलाला पहिल्या महिन्यात खरी ओढाताण होईल ती घराच्या डिपॉझिटची. जर्मन कायद्यानं घरमालक हीटिंग वगैरे न धरता जे मूळ भाडं असतं, त्याच्या तिपटीपर्यंत डिपॉझिट घेऊ शकतो. मूळ भाडं 1,100 युरो धरलं तर 3,300 युरो, म्हणजे सव्वातीन लाखांच्या पुढे. ते तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा भाडेकरूला हक्क आहे, हे मुलाला आवर्जून सांगा, नवख्याला ते कोणी सांगत नाही. त्याच्याकडे स्वतःचे तीन लाख आहेत असं तुम्ही लिहिलंय. पहिला हप्ता, पहिलं भाडं आणि पगार होईपर्यंतचं खाणंपिणं त्यात बसेल, पण ताणून. इथं तुमचे दीड लाख पाठीशी असले तर त्याला पहिलं दिसेल ते घर घाईनं घ्यावं लागणार नाही. शिवाय फ्रीज जुना होतो. डिपॉझिट घर सोडल्यावर, काही कापून घेण्यासारखं नसेल तर, व्याजासह परत मिळतं.

हे दीड लाख उभे करायला एफडीवर कर्ज काढा. बँका साधारण एफडीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त घेतात. पाच महिन्यांचं व्याज पाच हजारांच्या आसपास होईल, पण त्याच काळात तुमची पूर्ण चार लाखांची एफडी आपलं व्याज कमावत राहील. मोडली तर पूर्ण रकमेवर, उलटलेल्या सगळ्या काळासाठी, दंड म्हणून एक टक्क्यापर्यंत व्याज कापलं जातं. म्हणजे दीड लाखाच्या गरजेसाठी चार लाखांवर सहा-साडेसहा हजारांचं नुकसान.

मुलगा गेल्यावर पैसे पाठवायचे तर तुमच्याच बँकेतून पॅन आणि ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) देऊन पाठवता येतात. आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक वरून घेते तो कर) लागत नाही; 1 एप्रिल 2025 पासून ही मर्यादा सात लाखांवरून दहा झाली. बँक युरोचा भाव काय लावते ते मात्र आधी विचारा, खरी कमाई ती तिथंच करते.

आणि ताई, ही रक्कम उसनी म्हणूनच द्या. आईनं लेकाकडे हिशेब मागायचा का, असं तुमच्या मनात येईल. तुमच्याच पत्रात पुढच्या वर्षीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा उल्लेख आहे, आणि तो तुम्ही एका ओळीत उरकलाय. त्या चार लाखांचं पहिलं काम ते आहे. मुलगा कमावता आहे, तिसऱ्या-चौथ्या पगारापासून तो परत करू शकेल आणि आखाजीपर्यंत कर्ज फिटेल. हे त्याला आत्ताच, निघण्याआधी, मोकळेपणानं सांगा.

बॅगेचं वजन दोघांच्या तिकिटांवर वेगवेगळं तपासा, कधी एकच 23 किलोची बॅग मिळते. मिक्सर आणि कुकर मुलाबरोबर न देता सूनबाईंच्या बॅगेत टाका, तोवर घर आणि शेगडी कोणती ते कळलेलं असेल. तूप मात्र कुणाच्याच बॅगेत नको. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत, विमानतळावर काढून घेतात.