भंडारदऱ्याची पायी फेरी: पाणी उजव्या हाताला ठेवा

तुमचा प्रश्न असा की, भंडारदरा धरणाच्या पाण्याभोवती एका दिवसात पायी फेरी मारता येईल का. सोबत चौसष्ट वर्षांचे वडील आणि अकरा वर्षांची मुलगी आहे, आणि पाण्याच्या कडेकडेने पायवाट आहे का.

एका दिवसात नाही. रस्त्याने ही फेरी चाळीस ते पन्नास किलोमीटर भरते. धरणाजवळचं शेंडी गाव, मग मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी. गाडीवाले दुपारच्या जेवणाआधी उरकतात, पण त्यांनी काय पाहिलं ते त्यांनाच ठाऊक. मी ती तीनदा पायी केली आहे, एकदा दोन दिवसांत आणि दोनदा तीन दिवसांत. दोन दिवसांची पुन्हा करणार नाही.

पाण्याच्या कडेने सलग पायवाटही नाही. पाण्याची कड एका जागी राहतच नाही. ऑगस्टमध्ये धरण भरलं की पाणी खाचरांच्या बांधाला लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये तेच पाणी इतकं आत सरकतं की मधे भेगाळलेल्या गाळाचं मैदान उघडं पडतं. ते मैदान फसवं असतं. वर पापुद्रा सुकलेला, खाली लोणी. कोलटेंभ्याच्या पुढे रस्त्याचं वळण चुकवायला म्हणून मी एकदा त्यात उतरलो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. म्हशी राखणाऱ्या एका मुलाने काठी पुढे करून ओढून काढलं. एक बूट तिथेच राहिला, रतनवाडीपर्यंतची चाल स्लिपरवर झाली. तेव्हा रस्ता सोडायचा तर गावकरी जिथून जातात तिथूनच, आणि विचारून.

आता दिशा. बहुतेक जण शेंडीहून मुरशेतच्या बाजूने निघतात. चालणाऱ्याने उलटं करावं, आधी मुतखेल. असं गेलं की सगळी फेरी पाणी उजव्या हाताला राहतं, म्हणजे रीतसर प्रदक्षिणाच. पण खरं कारण सकाळचं दृश्य. सकाळी पश्चिमेकडे चालताना सूर्य पाठीशी असतो आणि पाण्यापलीकडची कळसूबाई, अलंग, मदन, कुलंग ही रांग उजळलेली दिसते. शेवटच्या दिवशी घाटघरहून पूर्वेकडे परतताना दुपारचं ऊन पुन्हा पाठीवर. उलट दिशेने गेलात तरी ऊन पाठीवरच राहील, पण सकाळच्या उन्हातली ही रांग पाण्यापलीकडून दिसायची नाही.

पहिला मुक्काम रतनवाडी. तिथलं अमृतेश्वराचं मंदिर घाईत पाहू नका. लोक मंदिराचे फोटो काढतात आणि बाजूची पुष्करणी विसरतात. पायऱ्या उतरून बसा, चारही बाजूंच्या कोनाड्यांतल्या मूर्ती निवांत बघा. मंदिरामागे रतनगड, प्रवरा तिथेच उगम पावते. तिला अमृतवाहिनी म्हणतात. इथे अमृतेश्वर आणि पार खाली नेवाशाला मोहिनीराज, म्हणजे समुद्रमंथनाची गोष्ट नदीच्या दोन्ही टोकांना बांधलेली आहे. त्यानंतर प्रवरासंगमला ती गोदावरीला मिळते.

दुसरा दिवस रतनवाडी-साम्रद-घाटघर. माझ्या मते फेरीतला हाच टप्पा सर्वांत चांगला, आणि गंमत म्हणजे यात धरणाचं पाणी फारसं दिसत नाही. रतनगडाच्या कुशीतून झाडीतला रस्ता, चढउतार बेताचे, वाहनं कमी. वडिलांना आणि मुलीला झेपेल. एकच दिवस असेल तर तुम्ही एवढंच चाला: सकाळी जीपने रतनवाडी गाठा आणि संध्याकाळी घाटघरहून जीपने परत या. जीप आदल्या दिवशीच ठरवून ठेवा, साम्रदच्या वाटेवर मोबाईलची रेंज धरून चालू नका. साम्रदला सांदण दरी आहे, खडकातली अरुंद खोल घळ. तोंडापाशी जाऊन बघून यायला हरकत नाही, पण पावसाळ्यात आत पाऊल टाकू नका, आणि एरवीही मुलीला घेऊन खालचा दोराचा टप्पा नको.

घाटघरला कोकणकड्यावर उभं राहिलं की पायाखाली थेट शहापूर तालुका. इथे एक जलविद्युत प्रकल्प आहे, त्याच्याबद्दल मुलीला जरूर सांगा. वर एक धरण, खाली चोंढ्याजवळ दुसरं, मधे चारशे मीटरहून जास्त उतार आणि डोंगराच्या पोटात वीजघर. विजेची मागणी वाढली की पाणी खाली सोडून वीज करतात, मागणी कमी झाली की तेच पाणी पुन्हा वर चढवतात. क्षमता २५० मेगावॅट. माझ्या भाचीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग उपयोग काय?" उत्तर देता देता सगळा उतार संपला.

मुख्य, म्हणजे भंडारदरा धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी उद्घाटन केलं, म्हणून विल्सन डॅम. २७० फूट उंचीची दगडी भिंत, साठा सुमारे ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट. हे पाणी रंधा धबधब्यावरून, निळवंड्यातून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून कालव्यांनी राहाता-श्रीरामपूरच्या उसाला. खाली लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच पाण्याच्या भरवशावर. आणि वर, जिथे हा पाऊस पडतो, तिथल्या वाड्यांमध्ये मे महिन्यात बायका हंडे घेऊन उतार उतरताना तुम्हाला दिसतील. पावसाळ्यात घाटघर-रतनवाडीच्या पावसाचे आकडे पेपरात छापून येतात ते खालच्यांसाठी.

कधी जावं? काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, शनिवार-रविवारी चालायचा विचारही करू नका. रस्त्यावर गाड्यांची रांग आणि हॉर्न. ऑगस्टमध्ये धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नाही, वर जळवा आणि निसरडं. सप्टेंबरअखेर सोनकी फुलते तेव्हा छान, पण माझी पसंती नोव्हेंबरला. भाताची सोंगणी चालू असते, खळ्यांवर माणसं असतात, हवेत पेंढ्याचा वास, आणि छत्री धबधबा सोडला तर काहीच चुकत नाही. तोही धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो.

मुक्काम घरगुतीच घ्या. नागलीची भाकरी, पिठलं, गावचा भात मिळेल. आधी फोन करून किती माणसं ते सांगा, अचानक पाच जण दारात उभे राहू नका. पैसे रोख आणि सुटे ठेवा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या नाक्यावर माणशी शुल्क लागतं, पावती जपून ठेवा, पुढच्या नाक्यावर विचारतात.

मुंबईहून कसारा किंवा इगतपुरी, तिथून घोटी, आणि घोटीहून बारीमार्गे शेंडी. शेवटच्या एसटीच्या भरवशावर राहू नका. आणि बूट मऊ तळव्याचेच घ्या. वाट बहुतेक डांबरी आहे, ट्रेकचे कडक बूट घालून तुमच्या वडिलांच्या टाचा कोलटेंभ्यालाच बोलू लागतील.